उजव्या वळणावरचा आवाज

छताच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि मला कळलं, आता निघायचं. त्याआधीची चार मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. कुणीतरी खांद्यावरचे पट्टे इतके आवळले की श्वास अर्धाच आत जाईना. मान सांभाळणाऱ्या 'हान्स' उपकरणाचे हुक हेल्मेटला बसलेत का, हे कुणाची तरी बोटं चाचपत होती. खिडकीची जाळी खटकन लागली. जाळीशी तोंड आणून माझा मामेभाऊ ओरडला, "ताई, पहिल्या तीन फेऱ्या नुसती आरशात बघत राहा. वेग आपोआप येईल." मी मान हलवायला गेले, तर मान हलतच नव्हती. म्हणून अंगठा दाखवला आणि क्लच सोडला.

वय वर्षं बेचाळीस. न्यू जर्सीतल्या एडिसनला घर, सॉफ्टवेअरमधली नोकरी, रोजचा प्रवास टर्नपाइक महामार्गावरून. शर्यतीच्या मैदानावर त्याआधी एकदाच गेले होते, तेही शेजारच्या सीटवर शिकवणारा माणूस बसवून. आणि आता पुढे-मागे शंभरेक गाड्या.

जागा होती मिलव्हिल, न्यू जर्सीचा दक्षिण भाग. इथल्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कमध्ये दोन ट्रॅक आहेत, थंडरबोल्ट आणि लाइटनिंग. शेजारी छोटा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याच धावपट्टीवर पी-४७ थंडरबोल्ट विमानांचे वैमानिक तयार झाले, त्यावरून एका ट्रॅकचं नाव पडलं; दुसऱ्याचं पी-३८ लाइटनिंगवरून. आमची शर्यत थंडरबोल्टवर होती. एक फेरी सव्वादोन मैलांची, म्हणजे साधारण ३.६ किलोमीटर.

शर्यतीचं नाव ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स. अमेरिकेत सदा बिघडणाऱ्या गाडीला 'लेमन' म्हणतात, आणि फ्रान्समधल्या ल मांची चोवीस तासांची शर्यत तर १९२३ पासून प्रसिद्ध आहे. या दोन शब्दांच्या उच्चारातल्या साम्यावरून जे लॅम या मोटार-पत्रकारानं २००६ मध्ये कॅलिफोर्नियात आल्टामाँटच्या ट्रॅकवर ही शर्यत सुरू केली. मूळ नियम एकच: गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत हवी. त्यावर जितके जास्त खर्च केले असं परीक्षकांना वाटेल, त्यातल्या दर दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी या हिशेबात धरत नाहीत. आतला लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक, टायर यांवर हवा तेवढा खर्च करा. हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला या लोकांबद्दल आदर वाटला. गाडी भंगारातली चालेल, पण माणसाच्या सुरक्षेत काटकसर नको. टायर मात्र फार चिकट रबराचे चालत नाहीत. झिजण्याचा आकडा १९० किंवा त्याहून वरचा लागतो, म्हणजे जवळजवळ रोजच्या रस्त्यावरचेच.

नावात चोवीस तास असले तरी बहुतेक वेळा शर्यत शनिवार-रविवार अशी दोन दिवसांत विभागलेली असते. आमची मिळून साडेचौदा तास. विजय वेगाचा नसतो, फेऱ्यांचा असतो. जी गाडी सर्वांत जास्त फेऱ्या मारते, ती पहिली.

हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. मी मंचरकडची. शर्यत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे घाट येतो, बैलगाड्याचा. वर्षभर बैलांना खाऊ-पिऊ घालायचं, यात्रेच्या दिवशी गुलाल उधळायचा, आणि बारी, म्हणजे एक धाव, सुटली की पुढे घोडी, मागे बैल, बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ खलास. लहानपणी मी वडिलांच्या, अण्णांच्या, खांद्यावर बसून बघायचे. पापणी लवली की बारी गेलेली असायची. साडेचौदा तासांची शर्यत म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी कळत नव्हतं.

संघात आम्ही पाच जण. मामेभाऊ, एक पाइप फिटर, रात्रपाळी करणारी एक नर्स, शाळेत गणित शिकवणाऱ्या आमच्या कप्तान बाई आणि मी. गाडी एका जपानी कंपनीची, १९९० च्या दशकातली, चार दारांची. अख्खा हिवाळा कप्तान बाईंच्या गॅरेजमध्ये आम्ही तिच्याभोवती काढला. आतलं कार्पेट, मागची सीट, डांबराचे थर, सगळं खरवडून काढलं. माझ्या वाट्याला खरवडणं आणि वायरी गुंडाळणं आलं. मला ते मनापासून आवडलं. आठवडाभर पडद्यावरच्या ओळी तपासणाऱ्या हाताला शनिवारी ग्रीस लागायचं.

शुक्रवारी तपासणी. आधी सुरक्षेची: पिंजऱ्याचे वेल्ड, आग विझवायची यंत्रणा, बाहेरून बंद करता येणारं बॅटरीचं बटण, आगरोधक कपडे, प्रत्येकाच्या हेल्मेटवरचा शिक्का. तिथे कुणी हसत नाही. मग किमतीची. काळे झगे आणि न्यायाधीशांचे टोप घातलेले परीक्षक गाडीभोवती फिरतात, बॉनेट उघडतात, "हा शॉक अब्सॉर्बर कितीला घेतला?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी काहीतरी खाऊ-पिऊ नेण्याची रीत आहे. मी एडिसनहून भाजणीच्या चकल्या नेल्या होत्या. एकही फेरी कापली गेली नाही. ते चकल्यांमुळे नव्हे, आमची गाडी खरोखरच तेवढ्या किमतीची होती.

आणि मग शनिवारी अकरा वाजता त्या दोन थापा.

पहिली गोष्ट आवाजाची. आतलं सगळं अस्तर काढलेल्या गाडीत खडा उडाला तरी कानाशी पातेलं आपटल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट माणसांची. सरळ पट्ट्यावर एक जुनी जर्मन गाडी माझ्या उजवीकडून अशी गेली की मी जणू उभीच होते. आणि तेवढ्यात पुढच्या वळणावर एक अवजड स्टेशन वॅगन डुलत डुलत आडवी. कुणाला जाऊ द्यायचं आणि कुणाला मागे टाकायचं, हे दर पाच सेकंदांनी नव्यानं ठरवावं लागत होतं. वळणावळणावर झेंडेवाले उभे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. पिवळ्यावर तांबड्या रेघा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा तुकडे. काळा म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय, आत या. मी झेंडे बघत होते, आरसे बघत होते, आणि आपण कितव्या आहोत हे मात्र अजिबात कळत नव्हतं. कोण पुढे, कोण मागे? ज्या गाडीनं मला आत्ता मागे टाकलं, ती माझ्यापेक्षा वीस फेऱ्या मागेही असेल. हा गोंधळ मला शेवटपर्यंत पुरला.

नवव्या फेरीला मला काळा झेंडा मिळाला. एका लांब उजव्या वळणात मी जरा जोरात शिरले, भीती वाटली, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला. गाडीची शेपूट डावीकडे सुटली. दोन चाकं गवतात गेली, गाडी वळली, थांबली. कुणाला लागलं नाही. मी मुकाट आत आले.

झगा घातलेल्या परीक्षकानं वाकून विचारलं, "काय झालं?"

"माहीत नाही."

"मग कळेपर्यंत बस," तो अगदी शांतपणे म्हणाला. "घाई नाही."

बाहेर गाड्या जात होत्या, आमच्या फेऱ्या बुडत होत्या, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत होते. पाय उचलला की गाडीचं वजन पुढे येतं. वजन पुढे आलं की मागची चाकं हलकी होतात. हलकी चाकं वळणात पकड सोडतात. म्हणजे घाबरून मी जे केलं, त्यानंच गाडी सुटली. वेग आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात एकदा शिरलं की पाय हलकासा दाबून धरायचा. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि जायला सांगितलं. इतकं चांगलं शिक्षण मला फार कमी ठिकाणी मिळालं आहे.

तासाभरानं मी उतरले. पेट्रोल भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, असा नियम. भरणाऱ्याच्या अंगावर आगरोधक कपडे, शेजारी एक जण आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढून तयार. ४५ लिटरची टाकी साधारण दोन तास पुरते. नर्स बाई आत बसल्या आणि गेल्या. मी पाणी प्यायले तेव्हा ग्लास हातात थरथरत होता.

दुपारी माझी दुसरी पाळी. आता आरसे जरा सवयीचे झाले होते, आणि म्हणूनच बहुधा मला तो आवाज ऐकू आला. गुणगुणल्यासारखा. पिठाच्या गिरणीचा लांबून येतो तसा. वेग वाढला की वाढायचा, इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचं नातं नव्हतं. गिअर बदलला तरी तो तसाच. आधी वाटलं, असाच असेल, मला नवखीला काय कळतं? मग लक्षात आलं, उजव्या वळणात तो चढतो आणि डाव्यात जवळजवळ नाहीसा होतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, हे आता मला माहीत होतं. सकाळी बसून शिकले होते. तीन फेऱ्या मी नुसती ऐकत राहिले. आत जावं तर फेऱ्या जाणार, आणि आवाज माझ्या मनाचाच खेळ निघाला तर? न जावं तर? रेडिओवर म्हटलं, "डाव्या पुढच्या चाकात काहीतरी आहे. येतेय मी."

पाइप फिटरनं गाडी जॅकवर घेतली, चाक वरून आणि खालून धरलं आणि हलवलं. टक-टक. पुन्हा टक-टक. त्यानं मला बोलावून माझेही हात तिथे ठेवले. चाक हातात हलत होतं. हबचं बेअरिंग गेलं होतं. "अजून दहा-पंधरा फेऱ्या," तो म्हणाला आणि वाक्य अर्धवट सोडलं.

त्या दिवशीचे दोन तास उरले होते. नवं बेअरिंग आमच्याकडे होतं, पण ते बसवायला प्रेस लागतो, तो नव्हता. माइकवरून सगळ्या मैदानाला विचारणा झाली: अमुक सालच्या अमुक गाडीची डाव्या बाजूची नकल कुणाकडे आहे का? नकल म्हणजे तो ओतीव तुकडा, ज्यात हब आणि बेअरिंग बसवलेलंच असतं. पाच मिनिटांत दोन तंबू सोडून पलीकडचा एक म्हातारा माणूस ती काखोटीला मारून आला. त्यांची गाडी त्याच जातीची, आणि आमच्याहून अकरा फेऱ्या पुढे. "उद्या आमचं गेलं, तर तुमच्या गाडीतून काढून नेऊ," एवढंच बोलला आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही.

एक्सलचा नट वर्षानुवर्षं गंजलेला. तो सोडवायला चाक जमिनीवर टेकवून कुणाला तरी ब्रेक दाबून धरावा लागतो. ते काम माझं. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिल्यासारखी बसले होते आणि बाहेर पाइप फिटर चार फुटी दांड्यावर लोंबकळत होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडाड असा आवाज झाला आणि मला वाटलं, काहीतरी तुटलं. सुटलं होतं. पुढचं काम बोटांचं: बॉल जॉइंट, ब्रेकचा कॅलिपर तारेनं वर बांधून ठेवणं, एक्सल ओढून काढणं. गरम ग्रीसचा वास, मामेभावाच्या हाताच्या पाठीवर रक्ताची रेघ, आणि नर्स बाई एका हातानं टॉर्च धरून दुसऱ्या हातानं त्याला बँडेज लावताहेत.

सगळं जोडल्यावर कप्तान बाईंनी सुतळी काढली. गाडीच्या दोन्ही बाजूंनी, चारही स्टँडला बांधून, गवंडी भिंतीला धरतो तशी ताठ. मग पट्टीनं रिमच्या पुढच्या कडेपासून सुतळीचं अंतर मोजलं, मग मागच्या कडेपासून. चाक तीन मिलिमीटर आत बघत होतं. स्टिअरिंगचा रॉड अर्धा फेरा फिरवला, पुन्हा मोजलं. लाखो रुपयांची यंत्रं जे करतात, ते गुडघ्यांवर बसून सुतळीनं झालं. मला ते बघताना भरून आलं, खरं सांगते.

त्या दिवशीच्या शेवटच्या वीस मिनिटांसाठी गाडी पुन्हा मैदानात गेली. वीस मिनिटांत फार तर नऊ-दहा फेऱ्या. "कशाला आता, उद्या सकाळी काढू," असं मला वाटलं होतं. बाकी चौघांपैकी कुणालाच तसं वाटलं नाही.

रविवारी मी एकच पाळी केली. चाक गप्प होतं. त्या लांब उजव्या वळणाशी मी आधीच वेग कमी करत होते, पाय हलका ठेवत होते, आणि कान डाव्या चाकाकडे लागलेले. चार वाजता चौकड्यांचा झेंडा पडला तेव्हा आमच्या २८७ फेऱ्या झाल्या होत्या. इथलं सर्वांत मोठं बक्षीस पहिल्या आलेल्या गाडीला मिळत नाही. जिच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती आणि तरी जी धावली, तिला मिळतं. इंडेक्स ऑफ एफ्ल्यूएन्सी म्हणतात त्याला. ते आम्हाला मिळालं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याची नकल परत द्यायला गेलो, तर तो म्हणाला, गाडीतच राहू दे.

रात्री घरी येऊन मंचरला फोन लावला. तिकडे सोमवार उजाडला होता, अण्णा गोठ्यात होते.

"झाली का शर्यत? किती सेकंद?"

"साडेचौदा तास, अण्णा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला मागे बादलीचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि धरायला कोण होतं?" घाटाच्या वरच्या टोकाला सुटलेली बैलं धरायला माणसं उभी असतात, त्यांच्याबद्दल विचारत होते. मी त्यांना पाइप फिटरपासून सांगायला सुरुवात केली, मग सुतळीचं, मग दोन तंबू पलीकडच्या म्हाताऱ्याचं. अण्णांनी धारेची बादली बाजूला ठेवल्याचं ऐकू आलं. "कुठलं चाक म्हणालीस," ते म्हणाले, "डावं?"