रुची आणि श्वास

माळव्याच्या मातीला रुचीचे वावडे कधीच नव्हते. धारजवळच्या मांडवगडावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस घियासशाह नावाचा सुलतान राज्य करीत होता. राज्यकारभारापेक्षा रसनेवर त्याचा जीव अधिक. त्याच्या आवडीनिवडींतून ‘निमतनामा’ हा पाकग्रंथ सिद्ध झाला आणि त्याचे सचित्र हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहे. त्यात पक्वान्नांबरोबरच अत्तरे, उटणी आणि सुगंधी विडे यांच्याही कृती आहेत. मात्र त्या ग्रंथात मिरची नाही आणि तंबाखूही नाही. दोन्ही वस्तू तोवर आपल्या देशात आलेल्याच नव्हत्या. जिभेला काय द्यावे आणि नाकाला काय द्यावे, याचा एवढा विचार करणाऱ्या त्या रसिकाच्या काळी श्वासावाटे चव घेण्याची कल्पना मांडवगडाला ठाऊक नव्हती.

पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली आणि हे चित्र पालटले. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहा काही महिने याच मांडवगडावर मुक्कामास होता. त्याच वर्षाच्या त्याच्या आठवणींत तंबाखूबंदीचा उल्लेख येतो. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या राज्यात अशीच बंदी घातली होती. पण जहांगीराचा तिकडचा वकील खान आलम याला धुरावाचून क्षणभर करमेना, तेव्हा शाहाने एकट्या त्याला मोकळीक दिली. दोन बादशहांचे हुकूम एका माणसाच्या तलफेपुढे नमले, अशीच ही हकिगत आहे.

पुढे पवारांच्या धार-देवास संस्थानांत आपली मराठी घरे स्थिरावली, तेव्हा सरदारी बैठकींतून गुडगुडी मानाने वावरत होती. नुसत्या तंबाखूचा धूर घशाला बोचतो, म्हणून तिच्यात गूळ कुटून गुडाखू करीत आणि त्यात सुगंधी द्रव्येही घालीत. गुळाने तंबाखूतील विष कमी होत नाही, ते घशाखाली उतरणे तेवढे सोपे होते. चव सुधारण्याच्या या कलेचे खरे प्रयोजन एवढेच होते आणि आजही ते बदललेले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण माझा भाचा. इंदूरला शिकायला असतो. दिवाळीच्या सुट्टीत देवासला आमच्याकडे आला होता. रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो. थोडा घुटमळून तो म्हणाला, “मामा, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचार की.”

त्याने खिशातून लेखणीएवढी एक नळी काढली. “मी नवीनच सुरू केलंय. आंब्याच्या चवीचं द्रव म्हणून घेतलं, पण अगदीच फिकं निघालं. मामीच्या डब्यातल्या केवड्याच्या इसेन्सचे दोन थेंब घातले, तर चव सुधारेल का?”

राग आला नाही असे कसे म्हणू? पण पोराने लपवण्याऐवजी विचारले होते. पस्तीस वर्षे मुलांत वावरलेल्या माणसाला त्याचे मोल कळते. आतापर्यंत काय काय केलेस, असे मी त्याला विचारले. मित्रांच्या सांगण्यावरून त्याने बाटली आठ दिवस काळोखात मुरत ठेवली होती, ती रोज हलवली होती, नळीतील तापणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस बदलला होता. ‘मुरत ठेवली’ हा शब्द ऐकून मला हसू आले. लोणचे मुरते म्हणजे मीठ कैरीतले पाणी ओढून घेते आणि मसाला फोडीत उतरतो. त्या बाटलीत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटिन आणि कृत्रिम वास हेच मुख्यतः असतात. आंबा तर मुळीच नसतो. आठ दिवसांत फार तर वास एकमेकांत मिसळतात आणि त्यांतला उग्रपणा थोडा उडून जातो.

“आणि फिकं लागतं ते बहुधा द्रवामुळे नव्हे, तुझ्या नाकामुळे,” मी म्हणालो. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा फार मोठा भाग वासाचा असतो. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. फुलवाल्याला दिवसभर मोगऱ्यात बसून मोगरा जाणवत नाही, तसेच हे. मग माणूस वास वाढवतो, झुरके वाढवतो. वास विरला तरी निकोटिन विरत नाही. ते प्रत्येक झुरक्याबरोबर काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते आणि हळूहळू शरीर त्याचीही मागणी वाढवू लागते. चवीचा पाठलाग करणारा असा नकळत तलफेच्या घरी जाऊन पोचतो.

केवड्याच्या थेंबांविषयी मात्र मी त्याला निक्षून सांगितले. पोटाला जे चालते ते फुप्फुसांना चालतेच असे नाही. पोटात पचनाची व्यवस्था आहे, फुप्फुसांत केवळ नाजूक पडदे आहेत. खाण्याच्या कित्येक अर्कांत तेल असते आणि तेल श्वासावाटे आत गेले तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. अमेरिकेत मिसूरी राज्यातील मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यातील कामगारांना श्वासनलिकांचा असाध्य विकार जडल्याचे २००० साली लक्षात आले. लाह्यांना लोण्याचा स्वाद देणारे डायअॅसिटिल हे द्रव्य त्यांच्या श्वासातून जात होते. लाह्या खाणाऱ्यांना मात्र त्याची बाधा झाली नव्हती. त्याच देशात २०१९ साली अशा नळ्या ओढणाऱ्या अडीच हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. द्रव दाट करण्यासाठी त्यात मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप हे त्याचे प्रमुख कारण ठरले. पोटात जीवनसत्त्व म्हणून घेतले जाणारे तेच द्रव्य श्वासातून गेले तेव्हा घातक झाले.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सर्वांना बंदी आहे. साठा वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे भाच्याच्या हातातील बाटली चोरट्या वाटेने आलेली होती आणि तिच्यात काय आहे, हे सांगायला कुणीही बांधलेले नव्हते. तरीही खान आलमची गोष्ट मी विसरलेलो नाही. केवळ कायद्याचा धाक दाखवून मी थांबलो असतो, तर ती नळी एवढ्यापुरती दुसऱ्या खिशात गेली असती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला माताजीच्या टेकडीच्या बाजूने फिरायला नेले. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत इथली कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला आले. पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. एक फुप्फुस निकामी झाले होते. त्यानंतर ते गायले ते उरलेल्या श्वासाचा कण न् कण हिशेबाने वापरून. आपल्या गावात एका माणसाने श्वासाची किंमत अशी मोजली आहे, एवढेच मी भाच्याला सांगितले. तो काही बोलला नाही.

इसेन्सचे थेंब त्याने घातले नाहीत. आठवड्याने फोन आला, “मामा, सोडलंय, पण झोप येत नाही, चिडचिड होते.” तलफ सुटताना असे होतेच आणि ते काही आठवड्यांत ओसरते, हे मी त्याला सांगितले. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा सरकारी विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही दिला. मधे एकदा त्याचा पाय घसरला. तेही त्याने स्वतःच सांगितले.

आपल्या घरांतील तरुण मुले असे काही विचारू लागली, तर वाचकांनी आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. चवीविषयीचा त्यांचा प्रश्न वरवर पोरकट वाटतो, पण तेवढ्याच वाटेने ती आपल्याशी बोलायला आलेली असतात.