उरलेले अठरा तास

औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला मराठवाड्यातील लहानथोर सारे केवळ ‘घाटी’ म्हणून ओळखतात, तेथे 1970 नंतरच्या दशकात मी निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या वॉर्डातील सर्वांत मोलाचे दफ्तर म्हणजे खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तो पुठ्ठा होता, ज्यावर रोग्याने प्यालेले पाणी आणि त्याला झालेली लघवी यांची प्रत्येक पाळीला नोंद होत असे. 1956 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे जालना, बीड, परभणीपासून रोगी येत. आणि त्यांतील हृदयविकाराचे रोगी आजच्यासारखे मधुमेही, रक्तदाबाने पीडित, साठीच्या पुढचे नसून बहुधा विशी-तिशीतील, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा आवळून गेलेले स्त्रीपुरुष असत. पाय सुजलेले, पोटात पाणी, आडवे निजता येत नाही म्हणून रात्ररात्र बसून काढलेली. त्यांना आम्ही देत असू ते प्रमुख औषध एकच, फ्युरोसेमाइड, म्हणजे सर्वतोमुखी असलेले लॅसिक्स. आणि ते किती द्यावयाचे हे ठरत असे त्या पुठ्ठ्यावरच्या आकड्यांवरून व सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या वजनावरून. आमच्या वॉर्डातील एक वयस्क मावशी मापाचे भांडे उजेडात धरून, डोळ्यांच्या पातळीवर आणून, आकडा सिस्टरांना मोठ्याने सांगत. त्या आकड्यांत मला कधी तफावत आढळली नाही, आणि उपचाराच्या यशाचा त्या मावशींना मी जेवढा वाटा देतो तेवढा त्यांना कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, कारण या औषधांच्या संशोधनाचा सारा इतिहासच मोजून ठेवलेल्या लघवीतून निघाला आहे. 1919 साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी उपदंशाच्या एका तरुण रोगिणीला पाऱ्याचे एक नवे इंजेक्शन देत होता. उपदंशावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहावयाचे होते, परंतु त्याच्या ध्यानात आले ते हे की, इंजेक्शनच्या दिवशी तिच्या लघवीचे माप एकाएकी कितीतरी वाढते. तेथून पुढे सुमारे चार दशके हृदयविकाराच्या सुजेवर पाऱ्याची इंजेक्शने हाच खरा आधार होता. माझ्या गुरुजनांनी ती स्वतः दिलेली होती, आणि पाऱ्याने मूत्रपिंडालाच इजा झालेले रोगीही त्यांनी पाहिले होते. दुसरा धागा सल्फा औषधांचा. जंतूंवर म्हणून दिलेल्या सल्फानिलामाइडने लघवी वाढते व तिच्यातून सोडियम जाते, हे 1930 च्या दशकाच्या अखेरीस दिसले. 1949 मध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी ते हृदयविकाराच्या तीन रोग्यांना देऊन पाहिले. त्याच घराण्यातून पुढे क्लोरोथायाझाइड निघाले, आणि 1960 च्या दशकात जर्मनीतील हेक्स्ट कंपनीने फ्युरोसेमाइड बाजारात आणले. जवळजवळ त्याच काळात अमेरिकेत इथाक्रिनिक आम्ल आले, पुढे ब्युमेटानाइड व टॉर्सेमाइड आले. परंतु आमच्या वॉर्डात लॅसिक्सचेच राज्य होते आणि अजूनही बव्हंशी आहे.

या औषधाचा पहिला प्रत्यय जो मला आला, तो कोणत्याही तरुण डॉक्टरला वैद्यकाविषयी आयुष्यभराची निष्ठा देऊन जाईल असाच होता. मध्यरात्री नातेवाइकांनी उचलून आणलेली, ओठ निळे पडलेली, तोंडातून गुलाबी फेस येत असलेली एक तरुण बाई. फुप्फुसांत पाणी भरून ती अक्षरशः कोरड्या जागी बुडत होती. शिरेतून लॅसिक्स दिले, प्राणवायू लावला, तिला बसते केले, आणि पाहता पाहता, लघवीचा थेंबही आलेला नसताना, तिच्या श्वासाचा वेग मंदावू लागला. हे कसे घडते याचे उत्तर मला नंतर ग्रंथालयात मिळाले. 1973 मध्ये लॉस एंजेलिस येथे दीक्षित, कनु चटर्जी, स्वॅन प्रभृतींनी हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रोग्यांत असे मोजून दाखविले की, फ्युरोसेमाइड शिरेतून दिल्यावर पाच ते पंधरा मिनिटांतच शिरा सैलावतात, त्यांत रक्त अधिक सामावते आणि हृदयाच्या डाव्या बाजूवरचा दाब उतरतो. लघवीचा पूर त्यानंतर येतो. पुढील संशोधकांना सर्वच रोग्यांत हा परिणाम इतका सरळ आढळला नाही, काहींत तर प्रारंभी शिरा-धमन्या आवळल्याचेही दिसले. पण त्या रात्री त्या बाईच्या छातीवर मी जे ऐकले ते त्या निबंधाशी जुळणारे होते.

लघवीचा तो पूर येतो कोठून, हे समजून घ्यावयाचे तर आमच्या रुग्णालयाच्या शेजारच्या पाणचक्कीकडे पाहावे असे मी पुढे विद्यार्थ्यांना सांगत असे. मलिक अंबराने या शहरासाठी ज्या नहरी बांधल्या आणि त्याच धर्तीवर पुढे पाणचक्कीची जी नहर झाली, त्यांत पाणी कोणी ओढून आणीत नाही. उतार बांधून दिला की पाणी आपोआप मागोमाग येते. मूत्रपिंडही पाणी स्वतः उचलीत नाही, ते मिठाचा उतार बांधते. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव त्याच्या गाळण्यांतून गाळला जातो, आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकी सारे परत घेतले जाते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोप हेन्ले यांनी 1862 मध्ये वर्णिलेला जो केशासारखा बारीक पाश, त्याच्या वर चढणाऱ्या जाड भागात गाळलेल्या सोडियमपैकी जवळजवळ चौथा हिस्सा परत शोषला जातो, आणि त्या मिठानेच मूत्रपिंडाच्या गाभ्यात तो उतार तयार होतो. फ्युरोसेमाइड नेमके तेथेच, एक सोडियम, एक पोटॅशियम व दोन क्लोराइड एकत्र नेणाऱ्या वाहकावर, जाऊन बसते. उतार मोडतो, आणि मीठ व पाणी दोन्ही वाहून जातात. मॉरिस बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये एकेक सुटी मूत्रनलिका काचेखाली घेऊन दाखवून दिले की, औषध नलिकेच्या आतून लावले तरच काम करते, बाहेरून लावून नाही.

ही गोष्ट वाचावयास किरकोळ वाटते, पण खाटेशेजारी तिच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. औषध रक्तात असणे पुरेसे नाही. ते लघवीत उतरले पाहिजे, आणि तेही एका किमान मर्यादेच्या वर. ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे त्याच्या नलिकेत ते कमी उतरते, म्हणून त्याला मोठी मात्रा लागते. ज्याची आतडीच सुजलेली आहेत त्याच्या पोटात गोळी रेंगाळते. फ्युरोसेमाइडच्या गोळीचे सरासरी निम्मे औषध अंगी लागते खरे, परंतु हे प्रमाण एका रोग्यात शेकडा 10 असते तर दुसऱ्यात शेकडा 100 च्या घरात. परिणामाची कमाल पातळी गाठल्यावर मात्र आणखी औषध ओतून फारसे काही साधत नाही. मग एका वेळची मात्रा वाढविण्यापेक्षा दिवसातून दोनदा देणे बरे. शिरेतून द्यावयाचे ते ठरावीक वेळाने एकदम द्यावे की थेंबथेंब सतत द्यावे, याविषयी आमच्या काळी हमरीतुमरीवर वाद होत. 2011 मध्ये 308 रोग्यांवरील अमेरिकी चाचणीने दोहोंत लक्षणीय फरक नसल्याचा निर्वाळा दिला.

धोके नाहीत असे नव्हे. पोटॅशियम वाहून जाते, आणि सोबत डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असले तर हृदयाची लय बिघडते. म्हणून पोटॅशियमचे ते खारट-कडू पातळ औषध आम्ही तोंड वेडेवाकडे करणाऱ्या रोग्यांना आर्जवे करून पाजीत असू. अंतःकर्णातही अशाच जातीचा वाहक असल्यामुळे मोठी मात्रा घाईने शिरेत ढकलली तर कानांत आवाज येतात, बहिरेपण येते. मिनिटाला 4 मिलिग्रॅमहून अधिक वेगाने मोठी मात्रा देऊ नये असा दंडक आहे.

आता ज्या बाईमुळे या औषधाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली तिच्याविषयी. ती कन्नड तालुक्यातील. वय तिशीच्या आतबाहेर, झडप आवळलेली, दोन लेकरे पदरी. वॉर्डात असताना पंधरवड्यात सूज उतरून, आडवी निजू लागून ती घरी जाई, आणि काही आठवड्यांतच पुन्हा तशीच फुगून परत येई. केसपेपरवर दरवेळी तेच शब्द पडत: औषध नियमित घेत नाही. तिला विचारले तर मान खाली. शेवटी एकदा तिची सासू तिच्यासोबत आली होती, तिने मला बाजूला घेऊन सांगितले, “सायेब, गोळी खाल्ली की घडोघडी जावं लागतंय. येष्टीत बाईमाणसानं कुठं जायाचं? अन् रानात गडीमाणसं असत्यात. म्हून ती दवाखान्याच्या दिवशी खात न्हाई, अन् निंदायला गेली तरी खात न्हाई.” कन्नडहून वेरूळ-खुलताबादमार्गे येणारी ती एसटी, तिच्यात दाटीवाटीने बसलेली ती बाई, आणि रोज सकाळी आठ वाजता एक गोळी असा आमचा कागदावरचा हुकूम, यांची सांगड घालण्याची तजवीज कोणीच केलेली नव्हती.

मी तिला म्हणालो, “बाई, गोळी सकाळीच घ्यावी असा काही शास्त्राचा नियम नाही. रानातून घरी आल्यावर, चारच्या सुमारास घ्या. दहापर्यंत तिचे काम संपते, रात्री झोप मोडणार नाही.” गोळीचा अंमल सुमारे सहा तासच टिकतो, ही गोष्ट आजवर वैगुण्य म्हणून मी शिकलो होतो, तिच्या बाबतीत तीच सोय ठरली. त्यानंतर तिचे वॉर्डात येणे पुष्कळ कमी झाले, आणि पुढे झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती मुंबईला गेली तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत गेली.

परंतु सहा तासांनंतर काय, याचे उत्तर पुढे ख्रिस्तोफर विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1983 च्या प्रयोगात मला सापडले. निरोगी माणसांना रोज फ्युरोसेमाइड दिले. पहिल्या सहा तासांत सोडियम भरपूर गेले. पण ज्यांच्या आहारात दिवसाला सुमारे 16 ग्रॅम मीठ होते त्यांच्या मूत्रपिंडांनी उरलेल्या अठरा तासांत ते सारे पै-पैशासह परत धरून ठेवले, आणि चोवीस तासांचा हिशेब केला तर बाकी शून्य. ज्यांचे मीठ सुमारे सव्वा ग्रॅमवर आणले होते त्यांच्यातच नक्त घट टिकली. हा निबंध वाचला त्या संध्याकाळी मी अस्वस्थ होऊन बसलो, कारण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या रोग्यांची ताटे उभी राहिली. कष्टकऱ्याच्या घरी कालवण बेताचेच असते, म्हणून भाकरीला चव आणावयाची ती ठेच्याने, लोणच्याने, खारवलेल्या मिरचीने; पापड, सांडगे उन्हाळ्यात घातलेले; आणि वॉर्डातील अळणी जेवण खाववत नाही म्हणून नातेवाईक डब्यातून चटणी आणीत, ती आम्ही मायेची गोष्ट म्हणून पाहून न पाहिल्यासारखी करीत असू. मीठ तोडा असे नुसते सांगणे गरिबाच्या ताटातील एकुलती एक चव काढून घेणे आहे. म्हणून मी लिंबू, लसूण, जवस, कारळे यांची बिनमिठाची चटणी कशी करावी हे बायकांकडूनच शिकून घेऊन इतर बायकांना सांगू लागलो.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो, शेतमजुराचे मीठ-पाणी घामावाटेच जाते, आणि त्यावर पावसाळ्यातलीच मात्रा चालू राहिली तर माणूस उभ्या उभ्या चक्कर येऊन पडतो, मूत्रपिंडाला रक्त कमी पडते, गोळे येतात. म्हणून मी होळीनंतर प्रत्येक रोग्याचे वजन नव्याने पाहून मात्रा कमी करीत असे आणि मृग बरसला की पुन्हा वाढवीत असे. हा बंदोबस्त मला कोणत्याही परदेशी चाचणीने शिकविला नाही.

2023 मध्ये अमेरिकेतील साठ रुग्णालयांतून हृदयविकाराच्या 2859 रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: टॉर्सेमाइड अधिक भरवशाने अंगी लागते, तरीही फ्युरोसेमाइडच्या तुलनेत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. वर्षानुवर्षे आम्ही एका गोळीवरून दुसरीवर रोगी फिरवीत आलो, त्यामागील आशेला हा मोठा धक्का होता, आणि तो निष्कर्ष मी आनंदाने स्वीकारतो, कारण त्यामुळे गोळीच्या नावावरून लक्ष निघून गोळी घेणाऱ्यावर येईल. आता शिरेतून औषध दिल्यावर दोन तासांनी लघवीतील सोडियम तपासावे, ते लिटरला 50 ते 70 मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल तर मात्रा अपुरी समजावी, असे युरोपातील तज्ज्ञ सांगतात. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होण्याजोगी आहे आणि ती व्हावी.

पण जिल्ह्याच्या ओपीडीत आणखी काही विचारले जावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. संशोधनासाठी विषय शोधणारे तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना सांगतो की, सिल्लोड, कन्नड, वैजापूरहून येणाऱ्या बायकांचे दोन गट करा; एकीला गोळी सकाळी आठला द्या, दुसरीला कामावरून परतल्यावर; दोघींच्या ताटातील मीठ तोला, वैशाखात आणि श्रावणात वेगवेगळे; आणि वर्षअखेर कोण किती वेळा पुन्हा भरती झाली ते पाहा. ज्या देशांत ही औषधे निर्माण झाली तेथील संशोधकांना हा प्रश्न सुचण्याचे कारण नाही, कारण तेथील रोगिणीला दोन तासांच्या प्रवासात वाटेत कोठे उतरावयाचे याची चिंता बहुधा नसते.