वारो खंय रवता?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे जातो. हा मतलई. रात्री जमीन लवकर निवते, पाणी ऊब धरून राहते, म्हणून हा गारवा बाहेर निघतो. दुपारी वाळू तापली की सारे उलटते आणि खारा वारा आत येतो. इंजिने नव्हती तेव्हा शिडाच्या होड्यांचा दिवस याच दोन वाऱ्यांनी आखलेला असे. एका म्हाताऱ्या तांडेलाने बालवाडीच्या पोरांना ते एका दमात सांगितले, "मतलई सुटलो काय भायर, खारो इलो काय घराक."

चार-पाच वर्षांच्या मुलांना एवढ्याने भागत नाही. त्यांना वारा हातात हवा असतो. माडाच्या पातीचे भिरभिरे करून हिरावर टोचून दिले की ती आधी धावतात, कारण धावले की ते फिरते. मग एखादी मुलगी दमून उभी राहते, तोंड दर्याकडे असते, आणि भिरभिरे आपले आपणच गरगरू लागते. ती पाठ फिरवते, ते थांबते. पुन्हा वळते, पुन्हा फिरते. दिशा म्हणजे काय ते तिच्या अंगाला कळलेले असते, आणि त्या क्षणी मोठ्या माणसाने मध्ये बोलू नये. मला तर तिथे श्वासही जपून घ्यावासा वाटतो.

वाळूच्या टेकाडांवर एक टोकदार पानांचे गवत वाढते. त्याचे वाळके काटेरी गोळे सुटून किनाऱ्यावर घरंगळत जातात, बी पेरत. मुले त्यांच्यामागे सुसाट पळतात. गोळा खळग्यात अडकला तरी कुणी हात लावायचा नाही, पुढच्या झुळकीची वाट बघायची, हा नियम त्यांनीच केला.

"बाई, वारो खंय रवता?" एकाने विचारले. सुरूत, म्हणाला दुसरा, आवाज तिथूनच येतो म्हणून.

फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची मोजपट्टी केली तीही अशीच, जहाजाच्या शिडांकडे बघून. पुढे तिच्यात लाटांच्या खुणा आल्या: तिसऱ्या पायरीला पाण्यावर तुरळक पांढरे तुरे, सहाव्या पायरीला मोठ्या लाटा आणि जिकडेतिकडे फेस. आपल्या पोरांची पट्टी भिरभिऱ्यापासून सुरू होऊन माडाच्या झावळ्यांपर्यंत जाते. तीही खरीच पट्टी आहे.

"कान बांध, वारं बाधेल," हे घरोघरी ऐकू येते. त्यातली माया मला कळते. पण किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाला वाऱ्यापासून झाकून ठेवणे मला मान्य नाही. भीती सांगायची तर खरी सांगावी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा घरांची छपरे उडाली, माड आणि आंब्याची झाडे आडवी झाली. ज्याला रोजचा वारा ओळखीचा आहे, त्याला बिघडलेला वारा लवकर कळेल.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झाकतात, वारा नैर्ऋत्येचा होतो आणि मतलई त्याच्यात हरवून जातो. तेव्हाही मुलांना एकदा न्यावे, लाटांपासून लांब, हात घट्ट धरून. छत्र्या घरीच ठेवाव्यात. एखादी जुनी मात्र बरोबर घ्यावी, ती कशी उलटी होते ते बघायला.