नफा वहीत, पैसा बाजारात

३१ मार्च २०२५, सोमवार
शिरोली एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग करणाऱ्या दादा-वहिनींच्या शेडवर दिवस गेला. दादा लेथवर, वहिनी बिलबुक आणि रोजकीर्द सांभाळतात. रोकड मोजली, बँकेच्या उताऱ्याशी वही ताडली, मालाची मोजदाद केली. ताळा जुळला आणि नफाही निघाला. वहिनी म्हणाल्या, "नफा हाय म्हणता, मग पगाराला पैसं का कमी पडत्यात?" प्रत्येक लहान उद्योजकाने विचारावा असा प्रश्न.

१ एप्रिल, मंगळवार
येणे रकमांची यादी बिलाच्या तारखेने लावली: ३० दिवसांच्या आतली, ४५ पर्यंतची, त्यापुढची. मोठी रक्कम शेवटच्या रकान्यात गेली. बिल काढलं की विक्री वहीत चढते, पैसा मागाहून येतो. शिवाय घरखर्चाची उचल आणि कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. रोकड मात्र दोन्हींनी घटते.

११ एप्रिल, शुक्रवार
जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरलं. १ लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये कर. खरेदीवर भरलेला कर वजा जाऊन उरेल तो २० तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे लहान कारखानदाराने माल उधार द्यायचा आणि त्यावरचा करही आधी पदरचा भरायचा. हे मला मनापासून खटकतं.

१५ एप्रिल, मंगळवार
वहिनींना २००६ चा एमएसएमई कायदा समजावला. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत पैसे द्यायचे. असेल तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. २०२३-२४ पासून आयकरातही मुदत चुकवलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाच्या हातात हे मोठं बळ आहे. वहिनींची शंकाही खरी होती, "नोटीस धाडली तर काम तुटंल की!" म्हणून सुरुवात साधी ठेवली. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची शेवटची तारीख ठळक छापायची. मुदतीच्या आठवडाभर आधी आठवणीचा फोन करायचा.

१९ एप्रिल, शनिवार
पुढच्या आठ आठवड्यांचं कोष्टक मांडलं: हातातली शिल्लक, येणारी रक्कम, जाणारी रक्कम. जाण्याच्या बाजूला पगार, वीजबिल, हप्ता, कर आणि दादांची ठरलेली उचल. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तूट येईल, हे आजच कळलं. म्हणून कच्च्या मालाची मोठी खरेदी पुढे ढकलली आणि सगळ्यात जुन्या येण्याचा तगादा वहिनींनी लगेच सुरू केला. वर्षअखेरचा ताळेबंद झालं ते सांगतो; हे कोष्टक निर्णय घ्यायला वेळ देतं. दर शनिवारी दोघांनी मिळून ते भरायचं ठरलं आहे.