विकून टाकलेली फियाट

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळीपिवळी ‘प्रीमिअर पद्मिनी’ टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून इतिहासजमा झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात तिची नोंदणी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचेच आयुष्य मंजूर असल्यामुळे तिची मुदत संपली, इतकेच. परंतु वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले, आणि ज्यांनी टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालण्यापलीकडे तिच्याशी कधी नाते जोडले नव्हते, तेही गहिवरले. त्याच आठवड्यात वसईहून माझ्या थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आला. मी त्यांचा धाकटा भाऊ असलो तरी दीक्षाविधीपासून ते मला ‘फादर’ म्हणूनच हाक मारतात. ते म्हणाले, “फादर, बाबांची गाडी विकल्याचा मला फार पश्चात्ताप होतोय.”

सेमिनरीत घडलेल्या माणसाला शब्दांची शहानिशा करण्याची खोड असते. मी म्हटले, “दादा, पश्चात्तापाला आधी अपराध लागतो. तू कोणाचे काय बुडवलेस?” आपली मराठी या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. गेलेल्या गोष्टीबद्दल वाटते ती हळहळ, आणि ती परक्यासाठीही वाटू शकते. क्षुल्लक कारणाने लागून राहते ती चुटपुट. खंत वर्षानुवर्षे मुरते. आणि करायचे काहीतरी राहून गेले, असे मनाला सारखे डाचत राहिले, की तिला आपण रुखरुख म्हणतो. धर्मगुरूकडे लोक येतात तेव्हा या साऱ्या भावना पश्चात्तापाच्या एकाच गाठोड्यात बांधून आणतात, आणि ते गाठोडे सोडून त्यांतली एकेक निराळी काढून दाखवण्यात आमचा बराच वेळ जातो. दादांना मी सांगितले की तुझी ती रुखरुख. ते म्हणाले, “नाव काहीही ठेव, झोप लागत नाही ती नाहीच.”

त्या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने निघणारी ही गाडी पुढे ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’. नाव राजपूत राणीचे. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये घेतलेली गाडीही हीच. किंमत बारा हजार रुपये. जवळ तेवढे नव्हते म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले, आणि १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ललितादेवींनी ते निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. पंतप्रधानांच्या कुटुंबाला गाडी ठेवण्यासाठी जागा मिळाली. आमच्याकडे वाडीत गोठ्याशेजारी एक झावळ्यांचे छप्पर होते.

आमची फियाट १९७१ सालची. बाबांनी ती १९७८ मध्ये वांद्र्याच्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली. पारशी माणसाची जुनी गाडी म्हणजे डोळे मिटून घ्यावी, असा त्या काळी समज होता, आणि आमच्या बाबतीत तो खरा ठरला. रंग फिकट निळा. पाठीमागे दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे उंचावलेले कोपरे. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगलाच जोडलेला, त्यामुळे पुढचे आसन बाकासारखे सलग होते आणि तिथे तिघे आरामात बसत. मागे किती बसत, हे लग्नसराईतच कळे. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. थंडीत चोक ओढल्याशिवाय ते जागे होत नसे आणि वैशाखात तापले की पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी मुकाट्याने उभी राहत असे. मग बाबा पेट्रोलपंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसून राहत. घाई करणाऱ्याला ते म्हणत, “जनावरालाही दम घ्यावा लागतो.”

गावात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नवरीला चर्चमध्ये नेणे, बुधवारी म्हाताऱ्यांना माहीमच्या नोव्हेनाला पोहोचवणे, अडलेल्या बाळंतिणीला मध्यरात्री घोडबंदरच्या पुलावरून वांद्र्याला नेणे, ही सारी कामे त्या गाडीने केली. आज चाळिशी ओलांडलेली काही माणसे तिच्या मागच्या आसनावर जन्मता जन्मता राहिली, असे गावात अजूनही हसत सांगतात. बाबांनी कोणाकडून पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. लोक केळ्यांचा घड किंवा पानांची चवड ओटीवर ठेवून जात.

बाबा २००१ मध्ये गेले. पद्मिनीचे उत्पादन त्याच सुमारास थांबले होते. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या चोरबाजाराला खेटे घालावे लागत, तळाचा पत्रा गंजून रस्ता दिसू लागला होता, आणि दादांची दोन मुले महाविद्यालयात होती. २००६ च्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी ती अठरा हजार रुपयांना विकली. त्या पैशांत घराच्या मागच्या बाजूची कौले बदलून झाली. यात चूक कुठे आहे, हे मला आजही कळलेले नाही.

मी त्यांना आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली. आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता आणि तो एक बैल ओढी. विजेचा पंप बसला तेव्हा बाबांनी तो बैल विकला. मी फारच लहान होतो, पण गिऱ्हाईक दावे हातात घेऊन निघाले तेव्हा बाबा विहिरीकडे तोंड करून उभे राहिलेले मला स्पष्ट आठवतात. त्यानंतर कितीतरी वर्षे ते रहाटाच्या गोल पायवाटेवर काही लावू देत नसत. गाडीचे मात्र तसे नव्हते. मारुती आल्यानंतर त्यांनी स्वतःच दोनदा फियाटसाठी गिऱ्हाईक शोधले होते आणि मनासारखी किंमत आली नाही म्हणून ती राहिली. ती आपल्याकडे टिकली ती बाबांच्या मायेमुळे नव्हे, गिऱ्हाइकाच्या कंजुषीमुळे!

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबांचं सोड. मी गाडी शिकलो ती त्या सलग बाकावर, त्यांच्या मांडीला मांडी लावून. गिअर चुकला की ते नुसती मांडी दाबायचे, तोंडाने बोलायचे नाहीत. तू तेव्हा सेमिनरीत होतास.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गाडी ठेवली असती तर काय झाले असते, याचाही त्यांनी हिशेब मांडला होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत नवी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आमची गाडी नेमकी त्याच वर्षी पन्नाशीची झाली असती. पण त्याच नियमाप्रमाणे अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणे, एवढ्यापुरतीच तिला मोकळीक. बाबांच्या गाडीने आयुष्यभर ओझी वाहिली. तिला नोव्हेनाला जायची बंदी करून मखरात बसवणे मला तरी रुचले नसते. दादांना रुचले असते, हेही मी जाणतो.

परंतु त्यांच्या रुखरुखीचे खरे मूळ मला त्यानंतर घरी गेलो तेव्हा उमगले. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिची स्मृती गेली तीन वर्षे ओसरत चालली आहे. मला ती कधी ओळखते, कधी ‘कुठल्या चर्चचे फादर?’ म्हणून विचारते. तिन्हीसांजेला तिचा जीव कासावीस होतो. ती पदर सावरून ओटीवर येते आणि म्हणते, “यांना सांगा, गाडी काढा. मला माहेरी जायचंय.” दादांची नवी गाडी दाराशी उभी असते, पण तिच्यात बसायला ती तयार होत नाही. “ही कोणाची? परक्याच्या गाडीत मी नाही बसायची.” दादा रोज हे ऐकतात. अठरा हजारांच्या त्या व्यवहाराचा हिशेब रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे येऊन उभा राहतो, आणि मी मात्र दूर माझ्या धर्मग्रामात बसून त्यांना पश्चात्ताप आणि रुखरुख यांतील भेद समजावून सांगत होतो.

शेजारच्या गावात एका तरुणाने जुनी पद्मिनी दुरुस्त करून लग्नांसाठी भाड्याने द्यायला ठेवली आहे. गेल्या नाताळनंतर मी सुट्टीवर गेलो असता दादांनी ती एका संध्याकाळी मागवली. रंग पांढरा होता, पण अंधुक उजेडात चालून जाईल असे आम्हाला वाटले. आई ओटीवरून सावकाश उतरली. तिने मागचा दिवा चाचपला, मग दार उघडून लावून पाहिले. दार एका झटक्यात लागले.

“ही आपली नव्हे,” ती म्हणाली. “आपलं दार जरा उचलून लावावं लागायचं.”

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी तरुणाला हाताने परत जाण्याची खूण केली. तोवर आईने दार पुन्हा उघडले होते आणि ती पुढच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, बसलीही होती.

“आता कोणाची का असेना, आणलीच आहे तर चला,” ती म्हणाली. “आणि चालवायला तू बस. हा पोरगा जोरात नेईल.”

दादांनी चावी घेतली. तो तरुण आणि मी मागे बसलो. पहिला गिअर पडायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.