घोडा, बैल आणि वारकऱ्याचे पाय

श्रीरामपूरला रेल्वेने प्रथमच येणारा प्रवासी हटकून गोंधळतो. दौंड-मनमाड मार्गावर गाडी थांबते, फलाटावरची पाटी ‘बेलापूर’ म्हणते, आणि स्थानकाबाहेर पाऊल टाकावे तो गाव श्रीरामपूर. खरे बेलापूर येथून पाच-सहा किलोमीटरांवर, प्रवरेच्या काठी आहे. वाचकहो, आपण कधी या बाजूला आलात तर ज्येष्ठ महिन्यात या, आणि स्थानकाच्या पाटीवर न विसंबता त्या नदीकाठच्या बेलापुरात जा. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरकडे निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर तालुका ओलांडून, पारेगाव, गोगलगाव, राजुरी असे मुक्काम करीत तेथे येते आणि दुसऱ्या दिवशी राहुरीची वाट धरते. चारशेहून अधिक किलोमीटरांची ही वाट पायी चालणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या पाहिली की आपल्यासारख्या दुचाकीवर दूध आणायला जाणाऱ्यांना ओशाळे व्हावे लागते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे-तिघे डॉक्टर मित्र एका ओसरीवर वारकऱ्यांचे पाय तपासायला बसतो. गेली अनेक वर्षे मी पाय पाहत आलो आहे. भेगाळलेल्या टाचा, अंगठ्याखालचे फोड, पिंढऱ्यांत आलेले गोळे. पण औषध लावून घेतलेला वारकरी पहाटे टाळ वाजू लागताच उठतो आणि चालू लागतो. माणसाच्या देहात हे बळ कोठून येते, हा प्रश्न मला तेथेच पडला. वैद्यकीय महाविद्यालयात तो कोणी विचारला नव्हता.

आमचा हा मुलूख पाटपाण्याचा. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. हिवाळ्यात आपण येथे आलात तर पहाटेच्या धुक्यात ऊसाने लादलेल्या टायरगाड्यांची रांग दिसेल. बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत असतात, आणि गाडीवान अनेकदा ओझे हलके व्हावे म्हणून खाली उतरून बरोबरीने चालत असतो. तोच बैल उन्हे चढल्यावर पाहा. जीभ बाहेर, कुशी भात्यासारख्या हालतात, आणि जाणता गाडीवान त्याला सावलीला सोडतो. आपल्या देशी बैलाला घाम येतो, विलायती जनावरापेक्षा अधिक येतो, तरी आपल्याइतका नाही. उरलेली उष्णता त्याला धापा टाकून बाहेर घालवावी लागते. कुत्र्याची स्थिती आणखी अवघड. त्याचा घाम जवळजवळ पंजांपुरताच, सारी भिस्त जिभेवर.

माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि अंगावर दाट केस नाहीत. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. धापा टाकणाऱ्या जनावराची दुसरी अडचण अशी की चौखूर दौडताना त्याची छाती प्रत्येक झेपेबरोबर दाबली आणि उघडली जाते. एक झेप, एक श्वास असा हिशेब ठरून जातो. म्हणजे चौखूर धावायचे आणि धापाही टाकायच्या, हे त्याला एकाच वेळी साधत नाही. दोन पायांवर धावणाऱ्या आपल्या श्वासाला असे बंधन नाही. डेव्हिड कॅरियर या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली हा विचार मांडला. पुढे डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात माणसाच्या सांगाड्यातच लांब पल्ल्याच्या धावण्याच्या खुणा दाखवून दिल्या. टाचेमागची लांब शिर धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाऊन शक्ती परत देते. चिंपांझीत ती अगदी आखूड असते. आपले नितंबाचे मोठे स्नायू सपाटीवर चालताना फारसे राबत नाहीत, धावताना धड पुढे पडू नये म्हणून राबतात. ज्या भागाला आपण केवळ बसण्याचे साधन समजतो, तो मुळात धावण्यासाठी घडला असावा, हे बैठ्या वाचकांनी मनावर घ्यावे.

कलहारीच्या वाळवंटात सॅन लोक चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात कुडू नावाच्या मोठ्या हरणाचा तासन्‌तास माग काढीत धावत, आणि अखेर ते हरीण उष्णतेने थकून उभे राही. हा इतिहास वाचून काही उत्साही मंडळी सांगतात की माणूस कोणत्याही प्राण्याला हरवू शकतो. हे अर्धेच खरे आहे. थंडीत ओढगाडीचे कुत्रे आपल्याला कोठल्या कोठे मागे टाकतात; अलास्कातील इडिटरॉड शर्यतीत ते सुमारे १६०० किलोमीटर अंतर आठ-दहा दिवसांत कापतात. घोडा तर भरपूर घामाळणारा प्राणी, म्हणून तो आपला खरा प्रतिस्पर्धी. वेल्समध्ये १९८० पासून माणसे आणि घोडेस्वार यांची सुमारे ३५ किलोमीटरांची डोंगराळ शर्यत होते. पहिला माणूस जिंकायला २००४ साल उजाडावे लागले. त्याचे नाव ह्यू लॉब. त्यानंतर २००७, २०२२ आणि २०२३ साली माणूस जिंकला. एरवी बहुतेक वर्षी घोडाच. अमेरिकेत गॉर्डी एन्सली या स्वाराचा घोडा लंगडू लागला होता, तेव्हा १९७४ साली तो घोड्यांची शंभर मैलांची शर्यत स्वतःच्या पायांनी धावला आणि चोवीस तासांच्या आत पोहोचला.

वेल्स कशाला, आपल्याकडे घोडा आणि माणूस एकाच वर्तुळात धावताना पाहायचे तर सिन्नर तालुक्यातल्या दातलीला जावे. निवृत्तिनाथांच्या पालखीचे रिंगण तेथे होते. एका वर्षी मी मुद्दाम गेलो होतो. अश्व वाऱ्यासारखा दौडून गेला आणि त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली. मग वारकरी धावले. पताका घेतलेले, वीणा सांभाळणारे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. मी घड्याळ लावून नाडी मोजण्याची डॉक्टरी खोड आवरू शकलो नाही. शेजारी येऊन बसलेल्या एका पासष्टीच्या बाईंची नाडी काही मिनिटांतच इतकी खाली उतरली की मी स्वतःचीही पाहिली. माझी त्यांच्याहून जलद होती, आणि मी तर नुसता उभा होतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगताना मला संकोच वाटतो. कालव्याच्या बाजूला वस्ती असलेले एक शेतकरी, वय एकाहत्तर, दरवर्षी बेलापुरातून दिंडीत सामील होत. एका वर्षी गुडघा सुजला होता, रक्तदाब थोडा वर होता. मुले म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आमचं ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा.” मी एका वाक्यात मनाई केली. गुडघ्याची नीट तपासणी, औषध, थोडे थोडे चालणे, यातले काहीही मी पुरेसे केले नाही. मनाई करणे सोपे असते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. ते घरी बसले. वारीला नाही, मग शेतावर नाही, मग पारावरही नाही. वर्षभरात मांड्या निम्म्या झाल्या. अंगणात पडले, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. त्यापुढच्या वर्षी पालखी आली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले मला दिसले. मी पाया पडलो. ते म्हणाले, “बैल नुसता बांधून ठेवला ना डॉक्टर, की त्याचे खूर वाढत्यात. मग तो चालायचा म्हणला तरी चालत नाही.” आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेले, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले. दहा दिवस! उलट अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंवर लक्ष ठेवले. १९ वर्षांनी त्यांच्यातील १५ टक्के मृत्यू पावले होते; न धावणाऱ्यांच्या गटात हे प्रमाण ३४ टक्के होते. मुळात धडधाकट माणसेच धावतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो पूर्ण पुसता येत नाही. तरी परावलंबित्व त्यांना बऱ्याच वर्षांनी उशिरा आले, ही गोष्ट घरात वृद्धांची सेवा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. नवऱ्याच्या औषधोपचाराला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडल्यावर बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या लता करे आपल्या महाराष्ट्रातल्याच. त्यांच्यावर चित्रपट निघाला. मात्र औषधासाठी आजीला धावावे लागावे, यात मला अभिमानाबरोबर लाजही वाटते.

पण मघाशी ज्या घामाचे मी कौतुक केले, तो वयाबरोबर कमी होतो. सत्तरीतली कातडी उशिरा आणि थोडी घामेजते, तहानेची जाणीव बोथट होते, आणि ज्येष्ठातल्या दमट हवेत आलेला घामही वाळत नाही. म्हणजे माणसाचे जे खास शस्त्र, तेच म्हातारपणी गंजलेले असते. म्हणून घरच्यांनो, आजोबांनी पाणी मागण्याची वाट पाहू नका. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर थोडे थोडे पाणी, ताक, मीठ-साखरेचे पाणी देत राहा. असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, पण निघण्यापूर्वी दाखवायला या. मधुमेही माणसाने उपाशीपोटी चालू नये, खिशात साखर ठेवावी आणि रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत, कारण बधिर पायाला फोड कळत नाही. चालताना बोलता येत असेल तर गती योग्य. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो थकला आहे असे समजून झोपवू नका; तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गेल्या ज्येष्ठात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या. मधुमेह आहे, गुडघे झिजलेले, आणि राहुरीपर्यंत तरी जायचेच असा हट्ट. सून म्हणाली, “आत्याबाईंना तुम्ही नाही म्हणा.” या वेळी मी नाही म्हटले नाही. त्याऐवजी तीन महिने आधी का आला नाहीत म्हणून दोघींनाही रागावलो, रक्तातली साखर, हृदय आणि तळवे तपासले, गोळीची वेळ बदलून दिली, आणि नवी चप्पल घालून निघायचे नाही असे बजावले. उन्हाच्या वेळी दिंडीतल्या गाडीत बसायचे, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. सुनेलाही बरोबर पाठवले.

दुसऱ्या संध्याकाळी राहुरीहून सुनेचा फोन आला. मी लघवीचा रंग विचारला, फिकट होता. तळवे विचारले, उजव्या करंगळीशी थोडी लाली, फोड नाही. साखर ठीक होती. मग आजींनी फोन घेतला.

“डॉक्टरसाहेब, उद्या डोंगरगणपर्यंत जाऊ का?”

“चढ आहे आजी.”

“चढाला गाडीत बसते.”

“बसाल ना खरेच?”

तिकडून सुनेचा हसण्याचा आवाज आला, आणि टाळांच्या आवाजात पुढचे काही ऐकू आले नाही.