अम्मीचा दडबा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अम्मी कायमची माझ्याकडे राहायला आली. अब्बा गेल्यानंतर दोन वर्षं ती अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात एकटीच होती. भाऊ सौदीत आणि मी इकडे निफाड तालुक्यात नोकरीला. लेकीच्या घरी जाऊन राहायचं तिच्या मनाला पटत नव्हतं. शेवटी एका अटीवर तयार झाली : कोंबड्या बरोबर येतील. टेम्पोतून एक लोखंडी पेटी, दोन गोधड्या, अब्बांची खुर्ची आणि दोन डालग्यांत अकरा कोंबड्या अन् एक कोंबडा, एवढा तिचा संसार माझ्या अंगणात उतरला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दूही शिकवते आणि मराठीही. कोंबड्यांच्या घराला मराठीच्या तासाला मी 'खुराडं' म्हणते, पण घरात तो अम्मीचा 'दडबा'च. घरामागच्या भिंतीला लागून आम्ही तो बांधून घेतला. खाली विटांचा ओटा, तीन बाजूंनी जाळी, वर पत्रा. अम्मीने तो बघितला, जाळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हऊ, अच्छा है." मला वाटलं, झालं, आता अम्मीचं मन रमेल.

आमच्या भागातली थंडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिवाळ्यात राज्यातल्या थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव हमखास असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. द्राक्षवाल्यांचा जीव तेव्हा टांगणीला लागतो. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. आमच्या शेजारच्या बागेतही रात्री असा धूर दिसला की समजायचं, आजची रात्र कठीण आहे.

डिसेंबरात अशी पहिली रात्र आली आणि मी घाबरले. मराठवाड्यातल्या उन्हाची सवय असलेल्या कोंबड्या, त्यात आईच्या जिवाभावाच्या. त्यातली काबरी तर अब्बांच्या हातचे दाणे खाल्लेली. शाळेतून येताना बाजारातून जाड प्लॅस्टिकचा कागद आणला. नवऱ्याने आणि मी मिळून दडब्याच्या तिन्ही बाजू वरपासून खालपर्यंत बंद केल्या, फटींत गोणपाट कोंबलं. पाण्याचं भांडंही आतच ठेवलं, म्हणजे पहाटे दार उघडायला नको.

अम्मीच्या खोलीचंही मी तेच केलं. खिडकी बंद, दाराखाली फडकं, रात्री हीटर. सकाळी नऊच्या आत अंगणात यायचं नाही, अशी ताकीद. तिला दम्याचा जुना त्रास आहे, म्हणून. अम्मी काही बोलली नाही. स्वेटर, कानटोपी, मोजे, मी देईन ते सगळं घालून पलंगावर बसून राहिली.

चार-पाच दिवसांनी एक कोंबडी शिंकायला लागली. मग दुसरीचा डोळा सुजला. सहाव्या दिवशी सकाळी दडब्याचं दार उघडलं तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि असा उग्र वास आला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यातली एक काबरी.

आमच्यात आपोआप मेलेलं जनावर खात नाहीत, आणि आजाराने मेलेलं तर कुणीच खाऊ नये. नवऱ्याने कुंपणाजवळ खोल खड्डा खणला, चुना टाकून त्या पुरल्या. अम्मी दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मला भीती मानमोडीची होती. ज्याला रानीखेत म्हणतात तो रोग. तो आला तर दडबा रिकामा करून जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आजारी कोंबड्या तपासल्या, औषध दिलं. मग खाली उकिडवे बसले, कोंबडीच्या उंचीवर नाक नेलं आणि मलाही तसंच करायला लावलं. म्हणाले, "मॅडम, तुमचे डोळे इथे चुरचुरतात ना? या रात्रभर याच हवेत असतात."

मग त्यांनी जे समजावलं ते मी बीएडला शिकलेल्या कुठल्याही पाठापेक्षा नीट लक्षात ठेवलं आहे. कोंबडीच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त ऊब असते, साधारण ४१ अंश. पिसं फुलवून ती त्या उबेचं पांघरूण करते. पूर्ण वाढलेली, पोट भरलेली, कोरडी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. तिला मारते ती ओल. विष्ठेत बराचसा भाग पाणीच असतो, श्वासातूनही वाफ निघते. ती बाहेर गेली नाही तर पिसं ओलसर होतात, खालचा भुसा भिजतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. त्या वायूने डोळे आणि श्वासनळी खराब झाली की रोगाला वाट मोकळी होते. अंगावर वारा येणं वेगळं आणि आत हवा खेळणं वेगळं. वारा अडवायचा, हवा नाही.

त्या रात्री जेवताना मी अम्मीला म्हणाले, "माझंच चुकलं." ती खूप वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेरेकू दूसरे दिनच मालूम पड गया था. दडबा बंद नक्को करना था गे. उनो ठंड से नै मरते, दम घुटके मरते."

"मग बोलली का नाहीस?"

"तेरा घर है."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, पाहुण्या बाईने सांगावं तसं. पन्नास वर्षं कोंबड्या पाळणाऱ्या बाईने माझी चूक डोळ्यांसमोर होऊ दिली, कारण माझ्या घरात बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आणि तसं वाटावं असं मी तरी काय केलं होतं? येऊन दोन महिने होत आले होते, आणि मी तिला एकही गोष्ट विचारली नव्हती. फक्त तिची काळजी घेतली होती.

एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, ते उपाशी मेलं आणि ती बाई जहन्नममध्ये गेली, ही हदीस मी मुलांना कितीदा सांगितली असेल. सांगताना वाटायचं, आपण तर दाणापाणी देतो. त्या रात्री पहिल्यांदा 'कोंडून' या शब्दाशी अडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दडब्याचं काम अम्मीने हातात घेतलं आणि आम्ही तिचे मजूर झालो. प्लॅस्टिक काढलं. उत्तरेकडून थंड वारा येतो, म्हणून फक्त त्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावला, तोही वर पत्र्याखाली एक वीत मोकळी सोडून. दिवसा तो गुंडाळून ठेवायचा. पूर्वेची बाजू उन्हासाठी उघडी. ओला भुसा सगळा काढून उन्हात टाकला, ओट्यावर चुना शिंपडला आणि इगतपुरीकडून येणारा भाताचा कोरडा तूस अर्धा फूट जाड पसरला. दर दोन-तीन दिवसांनी तो खालीवर करायचा, ओला झालेला तेवढा काढून टाकायचा. बसायला दोन फुटांवर जाड बांबू आडवा बांधला. कोंबडी त्यावर पायांवर अंग टेकून बसते, पाय पिसांत झाकले जातात. पाण्याचं भांडं रात्री बाहेर. सकाळी कोमट पाणी. मगरिबच्या आधी मूठ-मूठ बाजरी आणि मक्याचा भरडा, कारण पोटात दाणे असले की ते पचताना रात्रभर ऊब देतात.

अंडी मात्र कमी झाली होती. मी कुठेतरी वाचलं होतं की कोंबडीला अंडी द्यायला रोज चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचाच असतो. म्हणून बल्ब लावू या म्हणाले. यावेळी विचारून म्हणाले. अम्मी हसली. म्हणाली, वर्षभर देतात, आता थोडं थांबू दे त्यांना. बल्ब लावला नाही.

जानेवारीत एक कोंबडी खुडूक बसली. थंडीत पिल्लं जगतील का, याची मला धाकधूक होती. अम्मीने तिला घरातल्या कोपऱ्यात टोपलीत बसवलं. नऊ पिल्लं निघाली, सात जगली. त्यांना लासोटाची लस मी वेळेवर दिली. ती गोष्ट अम्मीला ठाऊक नव्हती. तिथे ती माझी विद्यार्थिनी झाली.

अम्मीच्या खोलीची खिडकी आता रात्री बोटभर उघडी असते. हीटर माळ्यावर गेला. ती म्हणाली होती, "मेरेकू बी धूप में बैठने दे." दम्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही कोंदट खोलीपेक्षा ते बरं म्हणून सांगितलं, फक्त दडबा झाडायचं काम तिने करायचं नाही आणि धुरापासून लांब राहायचं.

यंदाची थंडी पुन्हा सुरू झाली आहे. काल रात्री शेजारच्या बागेत धूर होता. पहाटे कोंबडा आरवतो, अम्मी उठते, फजर पढते आणि उजाडलं की मागच्या दाराची कडी वाजते. पूर्वी मी आतून ओरडायचे. आता झोपण्याआधी तिची शाल त्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवते.